ऑफिसची क्रिकेट टीम पहिली तीन वर्षं कशी टिकवायची

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत किंवा वागळे इस्टेटमध्ये जरा चौकशी करा. स्टोअरच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली एखादी किटबॅग हमखास सापडते. तिथे कधीतरी टीम होती. टीम काढायला एक दुपार पुरते, कस लागतो तो ती तीन सीझन टिकवायला. आणि त्याबद्दल जो सल्ला सर्रास दिला जातो तो ऐकून माझं डोकं फिरतं. "चांगलं किट घ्या, पोरं आपोआप येतील." नाही येत. "पहिल्याच वर्षी स्पर्धेत उतरा, टीम घडते." घडत नाही, फुटते. "सिलेक्शन कमिटी नेमा." अजिबात नेमू नका. ऑफिसची टीम मी बरीच वर्षं सांभाळली आहे, इतर कंपन्यांतल्या मित्रांच्या टीम उभ्या राहताना आणि मोडताना जवळून पाहिल्या आहेत. जे टिकलं ते क्रमाने सांगतो.

१. अठरा नावं जमवा

अकरा जण खेळवायचे तर अठरा नावं हवीत. कोणाची शिफ्ट असते, कोणी बदलापूरला राहतो, कोणी पनवेलला. मार्च एंडला अकाउंट्सवाले गेलेच समजा, आणि मे महिन्यात निम्मी टीम गावी. एकाच मजल्यावरून नावं घेऊ नका. डिस्पॅच, मेंटेनन्स, सिक्युरिटी, कँटीन, सगळीकडे विचारा. कंत्राटी माणसांनाही घ्या. स्पर्धेत कोणाचं ओळखपत्र चालतं हा प्रश्न पुढचा.

२. कॅप्टन आणि खजिनदार ठरवा

डिपार्टमेंटचा साहेब कॅप्टन नको. साहेबांना फाइन लेगला जा म्हणून कोणी सांगत नाही आणि साहेबांची बॉलिंग कोणी बंद करत नाही. कॅप्टन असा निवडा की ज्याच्या हातात कोणाचं इन्क्रिमेंट नाही. खजिनदार अकाउंट्समधला घ्या.

३. पैसे आधी गोळा करा

सीझनच्या सुरुवातीला वर्गणी घ्या, मॅच झाल्यावर मागत बसू नका. मैदान, बॉल, अंपायर, पाणी आणि वडापाव एवढाच खर्च. कंपनीकडून टी-शर्ट घ्या, बाकी आपलं आपण करा. एचआरच्या पैशावर उभी राहिलेली टीम बजेट कापलं की बसते.

४. टेनिस बॉलने सुरुवात करा

पहिली दोन वर्षं सीझन बॉलचं, म्हणजे चामड्याच्या कडक बॉलचं, नाव काढू नका. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या बोटावर तो एकदा बसला की सोमवारी टायपिंग बंद आणि पुढच्या रविवारी क्रिकेटही बंद.

५. मैदान आणि वेळ

पालिकेचं किंवा सिडकोचं मैदान घेणार असाल तर परवानगी लेखी घ्या, तोंडी "या हो, खेळा" यावर विसंबू नका. सकाळी साडेसातला पहिला बॉल पडला पाहिजे. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो, साधारण अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि तो ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणाऱ्या लाइनवर, असला की ठाण्याकडे परतणारी माणसं वाशीला, तुर्भ्याला अडकतात. दुपारी दोनला घरी पोचणारा माणूस पुढच्या रविवारी घरच्यांकडून सुटत नाही. ब्लॉकची घोषणा एक-दोन दिवस आधी येते, ती बघून वेळ पक्की करा.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाते हे खरं, पण ते मुरलेले क्लब आहेत. तुम्ही पावसात टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळा, तेवढ्याने ग्रुप जिवंत राहतो.

६. प्रत्येकाला खेळायला द्या

इथे नीट लक्ष द्या, कारण टीम इथेच मोडतात. हरण्याने ऑफिसची टीम मोडल्याचं मी पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी मैदानावर नऊच जण उभे राहिले की मोडते. आणि नऊच जण का येतात, याचं उत्तर मागच्या रविवारच्या मॅचमध्ये असतं.

हिशोब मांडा. वीस ओव्हरची मॅच. पाच बॉलरनी चार-चार ओव्हर टाकल्या की वीस संपल्या. टीममध्ये चौघे चांगले असतात. तेच बॅटिंगला आधी जातात, तेच शेवटपर्यंत टिकतात आणि बॉलिंगही तेच करतात, जोडीला आणखी एक जण. म्हणजे सगळी मॅच पाच जणांनी खेळली. सहावा कीपर. उरलेले पाच जण पहाटे उठून, गाडी पकडून, दीड तास उन्हात उभे राहिले आणि टाळ्या वाजवून घरी गेले.

आमच्या डिस्पॅचमध्ये एक काका होते. वय पन्नाशीकडे झुकलेलं. टीम निघणार म्हटल्यावर सगळ्यात आधी नाव दिलं ते त्यांनी. त्यांचा नंबर आठवा. पंधरावी ओव्हर लागली की काका उठायचे, किटमधली हलकी बॅट निवडून घ्यायचे, बाउंड्रीबाहेर उभं राहून एकटेच शॅडो मारायचे. मग वीस ओव्हर संपायच्या. बॅट पुसून परत बॅगेत. फील्डिंगला थर्ड मॅन. तिथे बॉल क्वचितच जायचा, घरी निघताना ट्रॅक पॅन्टला मातीचा डागही नसायचा. काही रविवार असे गेल्यावर ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, "या रविवारी जमणार नाही, घरी पाहुणे आहेत." पुढच्या रविवारीही पाहुणे. त्याच्याही पुढच्या.

असा माणूस भांडत नाही, तक्रार करत नाही. तो फक्त यायचा थांबतो, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोघे थांबतात. कॅप्टनला वाटतं लोकांना इंटरेस्ट नाही. इंटरेस्ट होता, तो आपण संपवला.

या जागी आमचं घोडं बराच काळ अडलं होतं. चिठ्ठ्या टाकून अकरा जण काढून पाहिले, तर तिन्ही बरे बॉलर एकदम बाहेर बसले आणि मॅच दहाव्या ओव्हरलाच संपली. सिलेक्शन कमिटीचाही अनुभव घेतला. तिच्यामुळे रविवारचे रुसवे सोमवारी डेस्कवर आले. जो सेल्सवाला टीममधून वगळला गेला त्याने परचेसचा फोन उचलणं बंद केलं. कमिटीच्या नावाने माझी चिडचिड होते ती यामुळे.

चाललं ते असं. मैत्रीच्या मॅचमध्ये एका बॉलरला तीनच ओव्हर. वीस ओव्हर भरायला मग सात बॉलर लागतात, सहा जणांच्या अठरा आणि सातव्याच्या दोन. अकरातले राहिले चार, त्यांत कीपरही आला. हे चौघे बॅटिंगला पहिल्या चारात जाणार. यात वाद घालायला जागाच उरत नाही, कारण यादी कोणाच्या मर्जीवर ठरत नाही. ज्याला बॉल मिळाला नाही त्याला बॅट आधी मिळाली. शिवाय तीस रन झाले की रिटायर व्हायचं, बाकी सगळे आउट झाले तरच परत यायचं.

"अशाने आपण हरू" असं टीममधला चांगला बॅट्समन म्हणणार. त्याला सांगा, तुला तीस रन मिळतायत. तुझ्या बॉलिंगची एकच ओव्हर गेली, म्हणजे सहा बॉल. त्या सहा बॉलच्या बदल्यात पुढच्या रविवारी चार माणसं जास्त येणार आहेत. त्याला हे पटत नसेल तर त्याने बाहेरच्या एखाद्या क्लबमध्ये खेळावं. हे मी मनापासून सांगतोय. त्याची पातळी तीच असेल तर त्याने तिथेच खेळायला हवं.

वही ठेवा. रन आणि विकेट क्रिकहीरोजसारखं अ‍ॅप ठेवतंच. वहीत दोनच रकाने, कोणाला किती बॉल खेळायला मिळाले आणि किती टाकायला मिळाले. महिन्यातून एकदा ती उघडा. जो तळाला आहे तो पुढच्या मॅचला ओपन करणार. चांगल्या कॅप्टनलासुद्धा वाटत असतं की आपण सगळ्यांना सारखं खेळवतो. वही बघितली की कळतं, तसं झालेलं नसतं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बॅटिंग ऑर्डर शनिवारी रात्री ग्रुपवर टाका. टॉस झाल्यावर ठरवू म्हणून सोडू नका. आपण उद्या वन डाउन, म्हणजे तिसऱ्या नंबरला, जाणार आहोत हे आदल्या रात्री ज्याला कळलं, तो गजर लावून झोपतो. काकांना मी फोन केला होता.

"काका, उद्या तुम्ही वन डाउन."

"अहो, मला कशाला, पोरांना पाठवा की."

"यादी टाकलीय ग्रुपवर. आता बदलणार नाही."

सकाळी मैदानावर पोचलो तर काका माझ्या आधी हजर, स्टंप ठोकत होते. मिडविकेटला एक चौकार मारला, दुसऱ्याच बॉलला बोल्ड झाले, आणि हसत बाहेर येऊन पुढच्याला सांगितलं की बॉल थांबून येतोय, घाई करू नको. घरी पाहुणे आल्याचा त्यांचा मेसेज परत कधी ग्रुपवर पडला नाही.

जुनी मंडळी इथे टाइम्स शील्डचा, म्हणजे मुंबईतल्या कंपन्यांच्या टीमच्या जुन्या स्पर्धेचा, दाखला देतात. ऑफिस क्रिकेट म्हणजे बेस्ट इलेव्हन, वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. बरोबर आहे, पण त्या कंपन्या खेळाडूंना त्यांचा खेळ बघून नोकरी देत. नेरुळच्या डी. वाय. पाटील टी-२० स्पर्धेतही कंपन्यांच्या टीम असतात. तिथे २०२० मध्ये हार्दिक पांड्याने रिलायन्स वनकडून बीपीसीएलविरुद्ध ५५ बॉलमध्ये नाबाद १५८ मारले. तुमच्या कंपनीने तुमच्या माणसाला चलन बनवायला किंवा कोड लिहायला घेतलंय. तो क्रिकेट आवडीने खेळतोय आणि वर वर्गणीही भरतोय. त्याला बारावा खेळाडू म्हणून पाणी द्यायला उभं करायचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

आणि बाहेरचा प्लेयर घेऊ नका. एकदाही नाही, अगदी फायनलला माणूस कमी पडला तरी नाही. ऐरोली, घणसोली, दिव्याच्या गावांत टेनिसचे असे एकेक खेळाडू आहेत की तुमची मॅच एकटे जिंकून देतील. मी त्यांचा खेळ तासन् तास उभा राहून बघतो. पण तो एक आला की तुमचा एक बाहेर बसतो आणि त्याला समजतं की आपली जागा उसनी होती. दहा जणांनी खेळा. दहा जणांनी खेळलेली मॅच लोक वर्षभर आठवतात.

७. हजेरी

मंगळवारी ग्रुपवर पोल, गुरुवारी संध्याकाळी बंद. "बघतो" म्हणजे नाही. गुरुवारपर्यंत दहा नावं आली नाहीत तर समोरच्या कॅप्टनला त्याच रात्री फोन करून मॅच रद्द करा. शनिवारी रात्री अकराला कळवणाऱ्या टीमला दुसऱ्यांदा कोणी मॅच देत नाही.

८. अंपायर

पैसे देऊन बाहेरचा आणा. एलबीडब्ल्यू नाही, वाइडची रेघ कुठे, हात वाकवून टाकणाऱ्याचं काय करायचं, हे टॉसआधी दोन्ही कॅप्टननी बोलून घ्या.

९. स्पर्धा आणि सीझन बॉल

तिसऱ्या वर्षी उतरा. स्पर्धेत बेस्ट इलेव्हनच खेळवा, तिथे तीन ओव्हरचा नियम लावू नका. मात्र कुठली मॅच जिंकण्यासाठी आणि कुठली सगळ्यांसाठी, हे सीझनच्या सुरुवातीलाच जाहीर करा आणि स्पर्धेच्या प्रत्येक मॅचमागे एक मैत्रीची मॅच ठेवा. स्पर्धेत बाहेर बसलेल्यांची नावं तिथे आधी लिहा. एण्ट्री फी भरण्यापूर्वी आयोजकांकडून नियम लेखी मागवा, ओळखपत्राची अट त्यात वाचा आणि कंत्राटी माणसं चालत नसतील तर ती स्पर्धा सोडा. दुसऱ्या मिळतात.

सीझन बॉलवर जायचंच असेल तर आधी महिनाभर नेट. किट धोबी तलावला जाऊन हातात घेऊन निवडा. हेल्मेट दोन, पॅडच्या दोन जोड्या, कीपरचं सामान, आणि गार्ड ज्याचा त्याने स्वतःचा आणायचा. नवी बॅट आधी जुन्या बॉलने नीट ठोकून तयार करा, थेट मॅचला नेली तर कडेने फुटते. ज्यांना सीझन बॉल नको त्यांच्यासाठी टेनिसचा एक रविवार चालू ठेवा.

कॅप्टन दर दोन वर्षांनी बदला. नव्याला सोपवताना चार गोष्टी द्या: वही, जमाखर्चाचा कागद, मैदानवाल्याचा आणि अंपायरचा नंबर, किटच्या कपाटाची किल्ली. पहिले दोन रविवार जुन्या कॅप्टनने त्याच्या हाताखाली खेळावं आणि ऑर्डरबद्दल एक शब्दही बोलू नये.