पगारातले १,८०० रुपये

हिंगण्याच्या गोदामात होतो, २०२३ चा मे. पगार आला तर १,८०० रुपये कमी. सुपरवायझर म्हणे, "पेट्या फुटल्या ना भाऊ!" फोडल्या कोणी, हे विचारायची गरज कोणालाच वाटली नाही. हजेरीची वही पाहिली, तर त्या दिवशी मी सुट्टीवर! फोटो काढून ठेवला.

तेव्हाच्या १९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला बाजू मांडू द्यावी लागे, कलम १०. तेवढंच अर्जात लिहिलं, खाली "प्रत : कामगार आयुक्त". दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. मारताना बाबूचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. दाव्याला १२ महिन्यांची मुदत होती, पण जावंच लागलं नाही. पुढच्या पगारात पैसे आले. नाव मात्र "इतर भत्ता".