मुलाखत शूट करताना आधी कान लावा

कॉलेजच्या माहितीपटासाठी लालबाग-परळच्या चाळीत १९८२च्या गिरणी संपाबद्दल एखाद्या आजोबांशी बोलायचं असेल, तर कॅमेरा काढण्याआधी खोलीत मिनिटभर गप्प बसा. पंखा, फ्रिज, शेजारचा कुकर, गॅलरीतली पोरं, सगळं ऐकू येईल. चित्र थोडं डावं-उजवं झालं तर चालून जातं, आवाज गेला की मुलाखत गेली. फ्रिज बंद करायचा तर बाइकची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायची आठवण राहते. (नाहीतर आजींचं दूध नासेल आणि पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही.) पंखा बंद ठेवून वयस्कर माणसाला तासभर घामात बसवू नका, मध्ये मध्ये लावा. कॉलर माइक साडीच्या किंवा सदऱ्याच्या कापडाला घासत नाही ना, हे हेडफोन लावूनच कळतं.

प्रश्न 'संपात होतात का?' असा विचारलात तर 'हो' एवढंच मिळेल. 'संपाच्या पहिल्या दिवशी काय झालं ते सांगा' म्हणा आणि उत्तर संपलं तरी लगेच तोंड उघडू नका. बरेचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

कॅमेऱ्यात ट्यूबलाइट लुकलुकताना दिसली तर शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. उठण्यापूर्वी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये सांधे त्यानेच झाकले जातात. संमती कॅमेऱ्यासमोरच नावासकट घ्या.