पत्र्याच्या डब्यातून उपवन तलाव

जानेवारीत सकाळी ठाण्यातल्या उपवनला पाण्यावर धुकं असलं की पलीकडचा येऊरचा डोंगर अर्धाच दिसतो. मोबाइलवर ते नुसतं करडं येतं. मी वर्तकनगरला राहते. गेले तीन हिवाळे हा काठ पिनहोल कॅमेऱ्याने, म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेल्या डब्याने, टिपतेय.

दूध पावडरचा पत्र्याचा डबा घ्या, साधारण १० सेंटिमीटर रुंद. आतून काळा मॅट रंग द्या. कुशीला भोक पाडून आतून कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा चिकटवा. छिद्र या तुकड्याला पाडायचं, आणि तिथे अजिबात घाई नको. सुईचं फक्त टोक टेकवून गोल फिरवायचं, मागचा उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, परत टोक फिरवायचं. ०.४ मिलिमीटर पुरे. मी भिंगातून बघते आणि कड फाटकी दिसली की तुकडा टाकून देते. छिद्रावर बाहेरून काळी चिकटपट्टी, हेच शटर.

बाथरूममध्ये लाल दिव्यात ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर छिद्रासमोर बसवा, रसायनाची बाजू छिद्राकडे. माझे पहिले चार कागद काळेठिक्कर निघाले, झाकणातून उजेड शिरत होता. तेव्हापासून झाकणाच्या कडेलाही पट्टी लावते.

डब्यावर दगड ठेवा, वाऱ्याने हलता कामा नये. छिद्रावरची पट्टी काढा, भर उन्हात मिनिटभर पुरतं, मग परत लावा. धुक्यात, सूर्य वर आल्यावर, मी ८ मिनिटं देते. तेवढ्यात फिरायला आलेली माणसं पार पुसली जातात. एकदा जवळच पायरीवर एक आजोबा शेंगा सोलत बसले होते. ते फोटोत आले, त्यांचे हात मात्र विरघळले. लालभडक मफलर काळा आला, कारण हा कागद लाल रंग बघतच नाही. म्हणून तर लाल दिवा चालतो.

कागदावरचं चित्र उमटवणारं द्रावण, म्हणजे डेव्हलपर, घरीच होतो: अर्धा लिटर पाण्यात २७ ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), मग ८ ग्रॅम व्हिटॅमिन सी पावडर, शेवटी २० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. वास उग्र येतो, खिडकी उघडता येत नाही, पंखा लावा. पाणी २० अंशांच्या आसपास हवं. ठाण्यात नळाचं पाणी बहुतेक त्याहून कोमट, म्हणून बर्फाच्या परातीत भांडं ठेवते. तीन-चार मिनिटांत डोंगर वर येतो, उलटा, पांढरा. मग पाण्यातून काढून ५ मिनिटं हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात. ते विकतच आणा. वाहत्या पाण्यात धुऊन दोरीवर चिमट्याने वाळवा, मोबाइलने फोटो काढून रंग उलटे करा.

डब्यात एकच कागद मावतो, म्हणून मी तीन डबे भरून नेते.