जेनेटिक अल्गोरिदमने सर्किट बनवताय? या चुका टाळा

सांगलीत फायनल इयरच्या प्रोजेक्टचा हंगाम आला की उत्क्रांतीच्या पद्धतीने, म्हणजे जेनेटिक अल्गोरिदमने (बरीच सर्किटं बनवायची, चांगली निवडायची, त्यांत थोडे बदल करून पुढची पिढी काढायची), सर्किट बनवणारा एखादा ग्रुप माझ्याकडे येतोच. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सिम्युलेशनमध्ये रेझिस्टर-कपॅसिटरच्या वाट्टेल त्या किमती (रुपये नव्हे, ओहम-फॅरड) चालू देणं. मागच्या खेपेला एक ग्रुप ईसीजीसाठी ५० हर्ट्‌झचा नॉच फिल्टर (मेन्सच्या विजेची लाट तेवढी गाळणारा) घेऊन आला. एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमधला आलेख देखणा. खाच बरोबर ५० वर, चांगली खोल. पण रेझिस्टर ४७३१.६ ओहमचा! दुकानात मिळतो ४.७ के, तोही ५ टक्के इकडेतिकडे. कपॅसिटर तर १० टक्के. ब्रेडबोर्डवर जोडल्यावर खाच सरकली, उथळ झाली, आणि स्कोपवर मेन्सची लाट तशीच. पोरं रात्रभर वायरिंग तपासत बसली. वायरिंगमध्ये काही चूक नव्हती. अल्गोरिदमला अचूक किमती फुकट मिळाल्या, म्हणून त्याने त्या अचूकतेवरच उभं राहणारं सर्किट निवडलं. मी किमती ई-१२ मालिकेबाहेर (दुकानात मिळणाऱ्या ठरावीक किमतींबाहेर) जाऊच देत नाही. शिवाय प्रत्येक सर्किट टॉलरन्सच्या (त्या ५-१० टक्क्यांच्या) आत किमती हलवून पुन्हा पुन्हा चालवतो आणि सगळ्यात वाईट निकालाचे गुण देतो. रन लांबते. लांबू दे, ज्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय त्यांनी नेहमीचा फिल्टर सूत्राने काढावा, तो उत्तम चालतो.

दुसरी चूक, एकाच बोर्डवर आणि एकाच खोलीत निवड करणं. १९९० च्या दशकात ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी एफपीजीएच्या (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) १०० सेलमध्ये, क्लॉकशिवाय (ठोके देणाऱ्या सिग्नलशिवाय), १ आणि १० किलोहर्ट्‌झचे सूर वेगळे ओळखणारं सर्किट मिळवलं. त्यातले काही सेल आउटपुटला जोडलेलेच नव्हते, तरी ते एका स्थिर किमतीवर गोठवले की काम बिघडायचं. चिपच्या दुसऱ्या भागात नेलं, तापमान बदललं, की कामगिरी घसरायची. आपल्याकडे जानेवारीत जमलेलं सर्किट एप्रिलच्या दुपारी, लॅब तापलेली असताना, व्हायव्हाला दाखवायचं असतं. म्हणून निवड चालू असतानाच बोर्ड बदला, सकाळी आणि भर दुपारी दोन्ही वेळा मोजा. शेजारचा कॉम्प्युटर बंद करूनही बघा: २००२ मध्ये बर्ड आणि लेझेल या संशोधकांना ऑसिलेटर (स्वतःच लाट तयार करणारं सर्किट) हवा होता, सर्किट मात्र जवळच्या कॉम्प्युटरचे सिग्नल पकडणारा रेडिओ बनलं.

फिटनेस (सर्किटला मिळणारे गुण) दोन-चार फ्रिक्वेन्सींवर मोजू नका, सगळा पट्टा मोजा.

नेटवरून उचललेला कोड चालेल. उचललेलं फिटनेस फंक्शन अजिबात नाही.

रँडम सीड (रनची सुरुवात ठरवणारा आकडा) वहीत लिहा.

फिटनेसचा आलेख सपाट झाला की लगेच ‘कन्व्हर्ज झालं’ (उत्तर सापडलं) म्हणू नका. आधी पॉप्युलेशन (त्या पिढीतली सगळी सर्किटं) उघडून बघा. सगळी सर्किटं एकसारखी दिसली तर म्युटेशन (आपोआप होणारे रँडम बदल) वाढवा आणि नव्या सीडने पुन्हा चालवा.