उताराची तयारी: साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनला निघालेल्या क्लबसाठी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली आणि आता पुण्यातल्या बऱ्याच रनिंग क्लबांचा अख्खा पावसाळा तिच्याभोवती फिरतो. अंतर नेहमीचंच, २१.१ किलोमीटर. पण सातारा शहरातून निघायचं, समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने जाऊन मागे वळायचं आणि त्याच वाटेने खाली उतरायचं. पहिल्यांदा जाणारा माणूस तीन महिने चढाचीच धास्ती घेऊन बसतो. चढ तुम्हाला दमवतो, पण तिथे वेग आपोआप कमी होतो आणि फार तर चालावं लागतं. मांड्या जातात त्या उतारावर. म्हणून खालच्या तयारीत उताराला जास्त जागा दिली आहे.

नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. वय चाळिशीपुढे असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा रक्तदाब, साखर यांची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना भेटा आणि ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून घेतात ती हृदयाची तपासणी) करून घ्या. शर्यत साधारण सप्टेंबरात असते, तेव्हा ही भेट जूनमध्ये व्हायला हवी, शर्यतीच्या आठवड्यात नाही. दुसरी गोष्ट बिबची, म्हणजे छातीवर लावायच्या तुमच्या क्रमांकाच्या कागदाची. दुखापत झाली म्हणून आपला बिब क्लबातल्या दुसऱ्याला देऊन टाकणं बऱ्याच ग्रुपांत सर्रास चालतं. वाटेत तो माणूस कोसळला तर वैद्यकीय पथकाच्या हाती तुमचं नाव, तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन लागतो. शिवाय चाळीस वर्षांच्या बाईच्या बिबवर पंचविशीचा मुलगा धावला की वयोगटाच्या निकालाचा विचका होतो. पळता येणार नसेल तर बिब घरी ठेवा आणि पाणी द्यायला साताऱ्याला या.

सरावाला बारा आठवडे धरा. सुरुवातीला सलग दहा किलोमीटर आरामात पळता येत असावं. आठवड्यातून चार दिवस पुरतात: एक लाँग रन, एक चढाचा दिवस आणि दोन हलके. लाँग रन दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करा. सर्वांत मोठा, १८ ते २० किलोमीटरचा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी यावा. त्यानंतर अंतर उतरवत न्यायचं. शेवटच्या पंधरवड्यात ‘एक मोठा राहिला’ म्हणून केलेला वीस किलोमीटर अंगी लागत नाही, फक्त थकवा साताऱ्यापर्यंत सोबत येतो.

चढासाठी पुण्यात जागांची ददात नाही. एक-दोन मिनिटांच्या छोट्या फेऱ्यांसाठी वेताळ टेकडीचे रस्ते किंवा पाषाण-बाणेरच्या टेकड्या. सलग चढासाठी येवलेवाडीकडून बोपदेव घाट. आणि खरी परीक्षा हवी असेल तर सिंहगडाचा गाडीरस्ता, जो साताऱ्याच्या घाटापेक्षा बराच उभा आहे. पावसाळ्यात सिंहगडाला जायचं तर आदल्या रात्री रस्ता चालू आहे की नाही ते विचारा, कारण दरड आली की तो बंद होतो. उजाडतानाच सुरू करून पर्यटकांच्या गाड्या वर यायच्या आत खाली या. घाटात एका ओळीत, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने पळा. आंधळ्या वळणावर मात्र जिथून तुम्ही गाडीवाल्याला लवकर दिसाल ती बाजू धरा. अंधारात आणि धुक्यात प्रत्येकाच्या अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्या आणि शेवटच्याच्या पाठीवर लाल लुकलुकता दिवा, एवढं तर हवंच. कानात इअरफोन नकोत.

आता उतार. खाली पळताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचं वजन रोखून धरत असतो. असं काम केल्यावर स्नायूच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं त्याच दिवशी नव्हे, तर २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. म्हणूनच घाटात सगळं छान वाटतं आणि मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. गंमत अशी की स्नायू हा धडा लवकर शिकतात. उताराचा एक बऱ्यापैकी सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकं दुखत नाही. तेव्हा चढाच्या दिवशी वर गाडी बोलावून खाली येण्याची सवय मोडा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक किलोमीटर सौम्य उतार, मग दोन, आणि शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी चार-पाच किलोमीटर सलग उतार, शर्यतीच्या वेगाने. शेवटच्या दहा दिवसांत जोरदार उतार नको. तेव्हाचं दुखणं भरून यायला वेळ उरत नाही.

उतरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागे रेलून टाच आपटत ब्रेक लावणं. गुडघा सरळ, पाऊल शरीराच्या बरंच पुढे, आणि प्रत्येक पावलाचा हादरा थेट गुडघ्यात आणि कमरेत. त्याऐवजी पावलं आखूड आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पाऊल शक्यतो अंगाखालीच पडू द्या आणि कंबरेतून न वाकता घोट्यापासून जरासं पुढे झुका. हात थोडे बाजूला पसरले तर तोल राहतो. नजर दहा-पंधरा मीटर पुढे. ओल्या घाटात पांढरे रंगवलेले पट्टे, शेवाळलेली कडा आणि वळणांवरचं सांडलेलं डिझेल, तिन्हींवर पाय सटकतो. सरावात जोडीजोडीने पळून एकमेकांची पावलं ऐका. ज्याची पावलं थपथप वाजतात तो ब्रेक लावतोय.

घरच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरे. पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायाने उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत हळू जमिनीला टेकवायची आणि वर यायचं, प्रत्येक पायाला दहा वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत वळत असेल तर पायरी कमी करा. पायरीच्या कडेवर पोटरीचे उठाव, पंधराच्या तीन फेऱ्या, खाली येताना सावकाश. सोबत थोडे स्क्वॉट आणि प्लँक. बाकी यूट्यूबवरचं सगळं ऐच्छिक.

बूट हा पावसाळी शर्यतीतला निम्मा प्रश्न. नवे बूट शर्यतीच्या किमान चार आठवडे आधी घ्या आणि त्यात एक लाँग रन काढा. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसली तर नख काळं पडून पुढे गळतं. सर्वांत वरच्या जादाच्या भोकातून लेसचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवली की टाच जागच्या जागी बसते. नखं शर्यतीच्या तीन दिवस आधी, सरळ रेषेत कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरा टोचतो. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरतं, कातडी मऊ पडते आणि फोड येतात. भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, गोंद सुटतो. आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पावसाळाभर दोन जोड आलटून पालटून वापरा.

अंग घासण्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि ब्राच्या पट्ट्यांखाली व्हॅसलीन, पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी. ओल्या टी-शर्टने अठराव्या किलोमीटरला छातीवर रक्ताच्या दोन रेघा उमटलेले फोटो दरवर्षी ग्रुपवर येतात. चिकटपट्टी कोरड्या कातडीवर लावा, व्हॅसलीन नंतर. चष्मेवाल्यांनी पुढे छत असलेली टोपी घ्यावी, कारण पावसात थेंब आणि धुक्यात वाफ. पातळ रेनकोट सुटेपर्यंत अंगावर ठीक आहे, पळताना आत घामाची वाफ कोंडते.

खाण्याचं साधं आहे. शेवटचे दोन दिवस भात, पोळी, बटाटा, केळी थोडी वाढवा, आणि उसळी, मिसळ, कच्च्या कोशिंबिरी, तळण कमी करा. शनिवारी रात्री हॉटेलात ‘साताऱ्याला आलोच आहोत तर’ म्हणून तांबडी तर्री मागवणारा एक तरी सदस्य प्रत्येक क्लबात असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. कंदी पेढे रविवारी दुपारी घ्या. सकाळी सुटण्याच्या दोन-अडीच तास आधी दोन केळी आणि ब्रेड-जॅम किंवा छोटी वाटी पोहे. साबुदाण्याची खिचडी नको, तेल आणि दाण्याचं कूट पोटात रेंगाळतं. वाटेत दर पाऊण तासाला एक जेल (पाकिटातला गोड, घट्ट एनर्जी जेल) किंवा बिया काढलेले तीन-चार खजूर, घोटभर पाण्याबरोबर. सरावात न घेतलेलं काहीही त्या दिवशी नको. पाणी तहानेप्रमाणे प्या. थंड, ढगाळ हवेत प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवणं धोक्याचंच, रक्तातलं सोडियम उतरून मळमळ आणि गुंगी येऊ शकते. ओआरएसचं मोठं पाकीट त्यावर लिहिल्याप्रमाणे एक लिटर पाण्यातच मिसळायचं, अर्ध्या ग्लासात घट्ट करून घेतलं तर पोट बिघडतं. पळण्याआधी ‘खबरदारी म्हणून’ घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. ती बॅगेतूनच काढून टाका.

पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. शनिवारी सकाळीच निघा, कारण वीकेंडची गर्दी आणि खंबाटकी घाटातली कोंडी यांचा अंदाज कुणालाच येत नाही, आणि बिब घेण्याची वेळ ठरलेली असते. दुसऱ्याचा बिब आणता येतो का, त्याला ओळखपत्राची प्रत आणि सहीची चिठ्ठी लागते का, हे आयोजकांच्या सूचनेत आधी वाचून ठेवा. राहण्याची खोली नोंदणी झाल्याच दिवशी बुक करावी, आणि स्टार्टपर्यंत चालत जाता येईल अशी. पहाटे रस्ते बंद होतात. प्रत्येक गाडीत परतीला चालवणारा एक न पळलेला माणूस हवा. एकवीस किलोमीटरनंतर क्लचवर पायात गोळा येणं हायवेवर परवडत नाही. क्लबच्या सामानात जादा सेफ्टी पिना, व्हॅसलीनचा मोठा डबा, क्रेप बँडेज, ओआरएस, कचऱ्याच्या पिशव्या, जुने टॉवेल आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

रात्री झोपण्याआधी बिब टी-शर्टच्या पुढच्या बाजूला चार पिनांनी लावून ठेवा. वेळ मोजणारी चिप बिबवरच असेल तर तो घडी करू नका, आणि त्यावर जाकीट किंवा पट्टा येऊ देऊ नका. मागच्या बाजूला रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि पळत नसलेल्या माणसाचा फोन लिहा. नवऱ्याच्या बिबवर बायकोचा नंबर आणि बायकोचा फोन तिच्याच कंबरपट्ट्यात, असं हमखास होतं. गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल तर पळू नका. डेंग्यूच्या दिवसांत तर अजिबात नाही.

वेगाचा हिशोब घड्याळावर सोडू नका. सपाटीवर दोन तासांत हाफ करणाऱ्याने इथे सव्वादोनचा विचार करावा. शहरातले पहिले दोन-तीन किलोमीटर गर्दी आणि ढोलताशांच्या नादात वीस सेकंदांनी जलद जातात आणि घाटाच्या मध्यावर त्याची वसुली होते. चढावर निकष एकच: एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर वेग कमी करा किंवा चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं सुरू करा, आणि हे दम लागण्याआधी सुरू करा. घाटमाथ्यावर पोचलं की ‘झालं’ असं वाटतं, पण पुढेही रस्ता वरखाली होत राहतो. वळल्यावर पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून उतरा. क्लबचे पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वेगाने पळून इतरांना सोबत नेणारे, इथे उपयोगी पडतात: दोन तास वीस, दोन चाळीस आणि तीन तास, असे तीन. चौथा माणूस सर्वांत शेवटच्या सदस्यासोबत, निकालाची अपेक्षा न ठेवता.

पाठिंब्याला आलेल्यांनी घाटाच्या पायथ्याशी उभं राहावं, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाठ पडते. ‘आता थोडंच राहिलं’ असं कुणाला सांगू नका, नेमके किती किलोमीटर उरलेत ते सांगा. जेलची रिकामी पाकिटं खिशात ठेवा. वर कासचं पठार आहे, पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतलं. फुलं पाहायला जायचा बेत असेल तर प्रवेशाची नोंदणी आधी करा.

पोचल्यावर बसू नका, दहा मिनिटं चाला. पंधरा मिनिटांच्या आत ओले कपडे बदला, साताऱ्याच्या सप्टेंबरी वाऱ्यात घाम निवला की हुडहुडी भरते. तासाभरात पोटभर जेवा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा स्नायू सुजून कडक झाले तर लगेच डॉक्टर गाठा, त्याला ‘थकवा’ म्हणू नका. सोमवार, मंगळवार फक्त चालणं. जिना उलट्या पावली उतरला तर मांड्या कमी ओरडतात, कठडा मात्र सोडू नका. गुरुवारी चार किलोमीटर हलकं, सपाटीवर. आणि बुटांतले बोळे रविवारी रात्रीच बदला, सोमवारपर्यंत त्यांना वास सुटतो.