लव्हबग्जचा मोसम: या चुका टाळा

फ्लोरिडात मे महिन्यात भर दुपारी हायवेला लागलात, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत बंपर लव्हबग नावाच्या छोट्या माश्यांनी काळा झालेला असतो. काळं अंग, डोक्यामागे तांबडा ठिपका आणि बहुतेक वेळा पाठीमागून एकमेकांना चिकटलेली जोडी. मादी आकाराने मोठी, ती पुढे उडते आणि नर उलट्या तोंडाने मागे फरपटत जातो. हे लव्हबग्ज चावत नाहीत, डंखही मारत नाहीत. त्रास होतो तो गाडीला, आणि त्यातला बराचसा आपण स्वतःच ओढवून घेतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘रविवारी धुऊ’. चिरडलेल्या किड्याचा रस ताजा असताना फारसा आम्लधर्मी नसतो; त्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.५ च्या आसपास असतो. पण तो तसाच राहिला की जिवाणू कामाला लागतात आणि एका दिवसात पीएच ४.२५ पर्यंत उतरतो. वर कडक ऊन. मग रंगावर जे डाग पडतात ते पॉलिशनेही जात नाहीत. त्याच दिवशी धुवा. आधी मेण लावलेलं असेल तर निम्मं काम सोपं होतं.

दुसरी चूक कोरड्या फडक्याने खसाखसा घासण्याची. त्याने रंगावर चरे पडतात. बॉनेटवर ओलं फडकं पसरून पाचेक मिनिटं ठेवा, मग हलक्या हाताने पुसा. काचेवर नुसता वायपर तर फिरवूच नका. माद्यांच्या पोटात शेकड्यांनी अंडी असतात. ती काचभर सारवली जातात आणि समोरचं दिसेनासं होतं. जाळीत साचलेला थर काढायला विसरलात तर रेडिएटरला हवा मिळत नाही आणि इंजिन तापतं.

अंगणात औषध फवारणं म्हणजे पैसे पाण्यात. प्रौढ माशी जगते जेमतेम तीन-चार दिवस, आणि तिच्या जागी शेजारच्या कुरणातून नवे थवे येतातच. शिवाय यांच्या अळ्या कुजकं गवत खाऊन त्याचं खत करतात, त्यांच्यावर राग कशाला?

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून हे किडे निसटले, हा फॉरवर्डही पुढे ढकलू नका. ते मध्य अमेरिकेकडून टेक्सास, लुइझियाना करत स्वतःच इकडे पसरले; फ्लोरिडात त्यांची पहिली नोंद १९४९ ची आहे.

प्रवासाची वेळ मात्र तुमच्या हातात आहे. उन्हात तापलेला गाड्यांचा धूर त्यांना ओढून घेतो, म्हणून गर्दी रस्त्यावरच. अंधार पडला की ते गवतावर बसून राहतात. टॅम्पाहून ऑरलँडोला गणपतीला निघालात तर सकाळी आठच्या आत निघा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरा थवा येतो. दोन्ही मोसम साधारण चार-पाच आठवड्यांचे. आणि घराला पांढरा रंग द्यायचा असेल तर तेवढे आठवडे थांबा. ओल्या, फिक्या रंगावर ते हमखास येऊन चिकटतात.