घरगुती लागरमधील लोण्याचा वास कसा गेला

माझ्या पिल्सनरला (थंड तापमानात आंबवल्या जाणाऱ्या लागर बिअरचा एक प्रकार) बाटलीत भरल्यावर लोण्यासारखा वास येत असे. शीतसाठवण लांबवून आणि जिलेटिनने बिअर निवळूनही तो टिकल्याने वैताग आला. हा वास किण्वनात तयार होणाऱ्या डायअसिटिल या संयुगाचा असून ते शोषण्यास सक्रिय यीस्ट लागते. त्यामुळे ११ अंश सेल्सिअसवरील किण्वनात घनता (साखर आंबत जाते तशी ती घटते) अपेक्षित अंतिम आकड्याहून ०.००५ इतकीच जास्त उरली असता, बिअर यीस्टवरून न काढता, तापमान १७ अंशांवर नेऊन ३ दिवस ठेवले. मग झाकलेला नमुना ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटे ठेवला, थंड केला आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगला. उष्णतेने बिअरमधील अल्फा-असिटोलॅक्टेट या वास नसलेल्या पूर्वद्रव्याचे डायअसिटिल होत असल्याने दडलेला दोषही उघड होतो. दोन्हींत लोण्याचा वास नसल्याचे ठरल्यावरच बिअर २ अंशांवर मुरवून बाटल्या भरल्या. चाचणी आधीच निर्दोष आल्यास १७ अंशांवरची ही उबदार विश्रांती अनिवार्य नाही, असे माझे मत आहे.